मागे चार गिअर, पुढे एक

तुमच्या शोकसभेत लोक तुमच्याबद्दल खोटं बोलले, तर तुम्हाला चालेल का? वाईट नव्हे, गोड खोटं. आदराचं, हार घातलेलं.

माधवीताई गेल्याला काही आठवडे झाले. बातमी ईराच्या फोनवरून आली. ईरा त्यांची मुलगी, इथे आयर्लंडातच कॉर्कला शिकते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती नेहमी इंग्रजीतून देते, तेही पक्क्या आयरिश हेलात. त्या सकाळी मात्र ती मराठीत बोलली. "आई गेली." ... डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, काही कळायच्या आत सगळं संपलं. पुढच्या रविवारी आमच्या नावन गावातल्या एका हॉलमध्ये सभा झाली. ताई किती शांत होत्या, किती सोज्वळ, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढ्या मोठ्या पदावर असूनही गणपतीला एकवीस मोदक स्वतःच्या हातांनी करायच्या, असं एकेक जण उठून सांगत होता. मोदक श्रीकांतदादा, म्हणजे ताईंचे यजमान, करतात, हे त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. आणि शांत? त्या बाईने आठ सिलिंडरचं इंजिन बांधलं होतं, ज्याचा आवाज तीन शेतं ओलांडून जायचा. त्याबद्दल एक अक्षर नाही. पन्नाशीला आलेल्या बाईने मोडक्या गाड्यांच्या टकरीत भाग घेतला, हे जणू झाकून ठेवायचं काहीतरी होतं. मी झाकणार नाही.

आमची ओळखच भांडणाने झाली. मी तेव्हा मेनूथला शिकत होते आणि विद्यार्थ्यांच्या घरभाड्यावर पत्रकं काढून दिसेल त्याच्या हातात देत होते. आमच्या घरात पत्रकांच्या घड्या घालतच मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे कुणी पत्रक न वाचता खिशात टाकलं की माझं डोकं फिरतं. ताईंनी दिवाळीच्या कार्यक्रमाबाहेर ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. म्हणाल्या, "मुद्दा चौथ्या ओळीत आलाय. पहिल्या ओळीत आण, नाहीतर लोक तिथवर पोचत नाहीत." मग गाडीचं बोनेट उघडलं, ऑइलची पट्टी बाहेर काढली आणि माझ्या पत्रकाने पुसली! मी भडकले. त्या हसून म्हणाल्या, "अगं, वाचून झालंय माझं. कागद चांगला आहे, ऑइल छान शोषतो. शनिवारी ये शेडवर, उरलेली घेऊन ये." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रकवाली' झाले.

शेड त्यांच्या शेजाऱ्याची, ब्रेंडनची. नावनच्या बाहेर त्याची थोडी गुरं आहेत, थोडी शेती आहे, आणि तरुणपणी तो दरवर्षी डिमॉलिशन डर्बीत उतरायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोडीत निघालेल्या गाड्या, काचा काढून, दारं साखळ्यांनी बांधून, गावच्या जत्रेच्या मैदानात सोडतात. त्या एकमेकींवर आदळतात. जी शेवटपर्यंत हलत राहील ती जिंकली. हे ऐकल्यावर मी अर्थातच भाषण दिलं. पेट्रोलची नासाडी, लोखंडाची नासाडी, मोडण्यासाठी बांधायचं हा कुठला न्याय, वगैरे. ताई इंजिनाखालून म्हणाल्या, "वीस वर्षं मी कोड लिहिते. दर दोन वर्षांनी ते कुणीतरी फेकून देतं आणि मला ईमेलही येत नाही. इथे निदान मोडताना मी हजर असेन."

ताई चिंचवडच्या. मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या, पण कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मुलांनी इंजिन खोलायचं आणि मुलींनी त्याच्या आकृत्या काढून द्यायच्या, अशी वाटणी होती. तिला कुणी नियम म्हणत नसे, म्हणून तिच्याविरुद्ध तक्रारही करता येत नसे. पुढे नोकरी लागली ती सॉफ्टवेअरची, आणि मग इथे आयर्लंडला येणं झालं. त्यामुळे त्यांना एकच गोष्ट हवी होती. स्वतःच्या हातांनी एक इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधायचं आणि ते स्वतः चालवत मैदानात उतरायचं. ब्रेंडन चालवेल, तू बांध, असं श्रीकांतदादांनी सुचवून पाहिलं. "म्हणजे पुन्हा आकृत्याच काढू का?" एवढंच त्या बोलल्या. दादांनी विषय सोडला आणि दर शनिवारी शेडवर पोह्यांचा डबा पाठवायला सुरुवात केली. ईरा मात्र म्हणाली, "आई, दॅट इज मॉर्टिफायिंग!" ताई म्हणाल्या, "होऊ दे. आईची लाज वाटली नाही तर मुलं मोठी कशी होणार?"

इंजिन त्यांना बिग-ब्लॉक हवं होतं, म्हणजे अमेरिकन धाटणीचं, ओतीव लोखंडाचं, म्हशीएवढं. जोर मोठा, फिरणं संथ, लवकर तापून बसत नाही. पण ते स्वस्तात हवं होतं, कारण ताईंचा कायदा कडक होता. झिजतं तेवढंच नवं घ्यायचं, म्हणजे रिंगा, बेअरिंगं आणि गॅस्केट. बाकी सगळं भंगारातून. अशी इंजिनं आयर्लंडमधल्या गाड्यांत सापडत नाहीत, पण बोटींत सापडतात. शॅनन नदीकाठी एकाच्या अंगणात दोन इंजिनांची एक जुनी बोट मोडायला काढली होती. आम्ही तिघे गेलो. ताईंनी त्या माणसाला उलटं टांगायचंच काय ते बाकी ठेवलं. बोट कधी समुद्रात गेली होती का? नाही, गोड्या पाण्यातलीच. थंडीत पाणी गोठून ब्लॉक तडकला होता का? सिलिंडरमध्ये हाताचं बोट घालून पाहिलं, टॉर्च मारून पाहिलं. दोन्ही इंजिनं सारखीच धडधाकट, पण डावीकडचं बरंच स्वस्त. "ते कुणालाच नको असतं," तो माणूस प्रामाणिकपणे म्हणाला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे. कुणालाच नको असलेली वस्तू स्वस्तात मिळतेय म्हटल्यावर मराठी माणसाच्या तोंडावर जो विजय दिसतो, तो आम्हा दोघींच्याही तोंडावर होता. आम्ही आणखी घासाघीस केली. ते का नको असतं, हे मात्र दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही. ब्रेंडन ट्रेलरपाशी सिगरेट ओढत होता, त्याला वाटलं आम्ही विचारलं असेल.

सगळा हिवाळा त्या इंजिनात गेला. ताईंनी सिलिंडर घासून गुळगुळीत केले, पिस्टन उकळत्या पाण्यात धुतले (श्रीकांतदादांच्या मोदकपात्रात, आणि तो एक वेगळा महाभारताचा विषय झाला), बेअरिंगं बसवली, प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने हळूहळू आवळला. मला पाना धरायला दिला, मग आवळायला दिला. माझा हात कचरला की म्हणायच्या, "घाबरतेस काय, पत्रकवाली? लोखंड आहे, घरमालक नाही." इंजिन स्टँडवर पहिल्यांदा चालू झालं तेव्हा शेडचे पत्रे थरथरले, ब्रेंडनच्या गाई पार कुंपणापर्यंत पळाल्या, आणि ताई कानांवर हात न ठेवता नुसत्या उभ्या राहिल्या. ब्रेंडन म्हणाला, "दॅट्स ग्रँड." त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलेलं नाही.

जत्रा तोंडावर आली तेव्हा इंजिन एका जुन्या लांबलचक स्वीडिश गाडीत बसलं, मागे एका व्हॅनचा साधा, चार गिअरचा गिअरबॉक्स लागला. ताई आत बसल्या, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला... आणि गाडी सरळ मागे जाऊन कोंबड्यांच्या खुराड्यात घुसली.

"यू'आर इन रिव्हर्स, मिसेस!" ब्रेंडन ओरडला.

"आय ॲम इन फर्स्ट!"

"यू आर नॉट!"

दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात मागे. मग रिव्हर्स टाकला, तर गाडी शहाण्यासारखी पुढे आली. तेव्हा ब्रेंडनने कपाळावर हात मारला. दोन इंजिनांच्या बोटीत पुष्कळदा एक इंजिन उलट्या दिशेने फिरतं, म्हणजे बोट एका बाजूला ओढली जात नाही. तेच कुणालाच नको असतं, कारण गाडीत ते कशालाही चालत नाही. स्टार्टर त्याच्यासोबतच आला होता, त्यामुळे स्टँडवर ते झक्क सुरू झालं. कुठल्या बाजूने फिरतंय हे आनंदाच्या भरात पाहिलं कुणी?

ताई गवताच्या गठ्ठ्यावर बसल्या. दुसरं इंजिन शोधायला वेळ नव्हता, पैसे तर नव्हतेच. ब्रेंडन हळूच म्हणाला की त्याच्या पुतण्याची छोटी गाडी तयार आहे, ताईंनी हवं तर तीच चालवावी. ताईंनी मान हलवली. दुसऱ्याने बांधलेली गाडी त्यांना नकोच होती. कोंबड्या आमच्या पायांतून फिरत होत्या. त्यांना हुसकावत ताईंनी विचारलं, "ब्रेंडन, डर्बीत तू धडक कशी मारायचास?"

"मागून. ऑल्वेज. पुढून मारली तर रेडिएटर फुटतो, खेळ खलास."

"म्हणजे सगळे रिव्हर्समध्येच लढतात?"

"येस."

"त्यांना मागे जायला गिअर किती?"

ब्रेंडनच्या तोंडातली सिगरेट खाली पडली. "वन," तो म्हणाला.

"मला चार," ताई म्हणाल्या आणि उठल्या.

तपासणीला आलेल्या माणसाने पट्टा पाहिला, हेल्मेट पाहिलं, पेट्रोलची टाकी नीट बांधलीय का पाहिलं. इंजिन कुठल्या दिशेने फिरावं याबद्दल त्याच्याकडे काही नियम नव्हता. मैदानात पाऊस पडून चिखल झाला होता. बाकीच्या गाड्या रडतकढत मागे सरकत होत्या आणि ताई दुसऱ्या गिअरमध्ये, मान पूर्ण मागे वळवून, त्यांच्यावर तुटून पडत होत्या. कठड्यापाशी कुणीतरी विचारलं, "हू इज युअर मॅन?" म्हणजे इथल्या बोलीत, हा गडी कोण? आणि ईरा, जिला लाज वाटत होती ती ईरा, गळा फाटेस्तोवर ओरडली, "दॅट्स मी माम!" ती माझी आई! शेवटी तीन गाड्या उरल्या. एका धडकेत ताईंचा मागचा ॲक्सल निखळला, चाक तिरकं झालं, गाडी हलेना. नियमाप्रमाणे बाद. पण इंजिन चालूच होतं. झेंडेवाल्याने दोनदा खूण केली तरी ताईंनी ते बंद केलं नाही. बोनेटमधून वाफ येत होती, आणि त्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून आवाज ऐकत बसल्या होत्या. नंतर म्हणाल्या, "ॲक्सल गाडीच्या कंपनीचा होता गं. तो मोडला. माझं काही मोडलं नाही."

त्या सभेत हे कुणी सांगितलं असतं तर कुणाची अब्रू गेली असती? बाईने आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि स्वतः करून घेतली. चुकली, आणि चुकीवरच स्वार झाली. याहून सोज्वळ काय असतं, मला तरी माहीत नाही.

गाडी भंगारात गेली, पण इंजिन आम्ही काढून आणलं. आज ते ब्रेंडनच्या शेडमध्ये स्टँडवर आहे. इथल्या ओलाव्याने सिलिंडर गंजून धरतात, म्हणून दर शनिवारी पाना लावून क्रँक थोडा फिरवावा लागतो. एका शनिवारी ब्रेंडन फिरवतो, एका शनिवारी मी. गेल्या शनिवारी कॉर्कहून ईरा आली होती. तिने बाही सरसावली, पाना घेतला आणि योग्य त्या उलट्या बाजूने फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी चालवणार." मराठीत. श्रीकांतदादा डबा घेऊन दारात उभे होते. त्यांनी डबा खाली ठेवला आणि खुंटीवरच्या ताईंच्या हेल्मेटचा पट्टा ईराच्या हनुवटीला पुरतो का, ते पाहिलं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणाकडे तरी एखादी जुनी गाडी असेल, तपासणीत नापास झालेली, अंगणात गवत खात पडलेली. लांब, जड, मागच्या चाकांवर चालणारी. ती भंगारवाल्याला देऊ नका, आम्हाला द्या. काचा नसल्या तरी चालतील, इंजिन नसलं तर उत्तमच. फक्त मागचा बंपर शाबूत हवा. पुढच्याचं आम्ही बघून घेऊ.