मायक्रोआरएनए बघायला बार्शीहून पुण्याला

रेवतीचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या वह्या तपासत होते. रेवती म्हणजे माझी धाकटी नणंद. सात वर्षं पुण्यात पीएच.डी. करतेय. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"वहिनी, तारीख मिळाली! शुक्रवारी सकाळी अकराला व्हायव्हा. कुणीही येऊन बसू शकतं!"

'कुणीही' हा शब्द शेजारच्या खोलीत बसलेल्या सासूबाईंना बरोबर ऐकू गेला.

"मी जाणार," त्या आतूनच म्हणाल्या.

"अहो आई, दोन तास सगळं इंग्रजीत असतं. तुम्हाला काय कळणार?"

"लग्नातले मंत्र तरी कुणाला कळत्यात? जातोच की आपण."

मी लगेच गुरुवार ते शनिवार रजा टाकली. यांना दुकान सोडता येईना, म्हणून आम्ही दोघीच निघायचं ठरलं. व्हायव्हाच्या दिवशी परीक्षकांच्या चहा-नाश्त्याचं परीक्षा देणाऱ्यालाच बघावं लागतं, असं रेवतीच्या बोलण्यात आलं. झालं! बुधवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर साठ धपाटी थापली गेली. मी मोजली नव्हती, आईंनी मोजली. "परीक्षक तीन असतात," मी सांगून पाहिलं. "आन् बाकीचे काय वारा खाणार?" असं उत्तर आलं.

तर मंडळी, तुमच्याही घरात कुणी असं काही शिकत असेल आणि 'तिकडे जाऊन आपण काय करणार' म्हणून तुम्ही बसून असाल, तर हे तुमच्यासाठी.

बार्शीहून सकाळची स्वारगेटची एस.टी. पकडली. आई पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यामुळे त्यांचं तिकीट शून्य. माझं अर्धं. कंडक्टरने आईंच्या हातात शून्याचं तिकीट दिलं, तर त्यांनी ते अगदी जपून पाकिटात ठेवलं. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर असा रस्ता. टेंभुर्णीनंतर हायवे लागला की गाडी सुसाट. इंदापूरच्या पुढे एका हॉटेलवर वीस मिनिटं थांबली. तिथली कांदाभजी गरम असतील तरच घ्या, चहा मात्र डोळे झाकून घ्या. भिगवणच्या आसपास उजनीचं पाणी अधूनमधून दिसतं, तेव्हा खिडकीबाहेर लक्ष ठेवा. आमचं लक्ष धपाट्यांच्या डब्याकडे होतं. वरच्या फळीवरून तो दर वळणाला पुढे सरकत होता आणि खाली एक टक्कल होतं.

साडेपाच तासांचा प्रवास, त्यातला एक तास एकट्या हडपसरने खाल्ला. तिथल्याच गाडीतळाच्या थांब्यावर रेवती उभी होती. वाळलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि हसू कानापर्यंत. आईंनी तिला बघून पहिलं वाक्य काय म्हणावं? "जेवतीस का नुसतीच विषाणू बघतीस?"

रेवतीचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. संध्याकाळी चहा घेताना तिने लॅपटॉप उघडला आणि उद्याची रंगीत तालीम आमच्यासमोर केली. मराठीत, खास आईंसाठी. मला जेवढं समजलं तेवढं लिहिते.

आपल्या पेशीत सतत निरोप फिरत असतात, हे प्रथिन बनवा, ते प्रथिन बनवा. मायक्रोआरएनए म्हणजे अगदी बारका तुकडा, बावीसेक अक्षरांचा. आपल्याच पेशी तो तयार करतात. तो एखाद्या निरोपाला जाऊन चिकटला की तो निरोप वाचलाच जात नाही. आणि कोरोनाचा विषाणू म्हणजे काय? तोही एक लांबलचक निरोपच, जवळजवळ तीस हजार अक्षरांचा. मग आपल्याकडचा कुठला तुकडा त्याला नेमका चिकटतो, ते शोधायचं. तोच तुकडा बाहेर बनवायचा, पेशींना द्यायचा आणि बघायचं, विषाणूचं काम अडतं का.

"म्हंजे तू खरा विषाणू हातात घेतीस?" आईंनी खुर्ची मागे सरकवली.

"नाही गं आई. खऱ्या विषाणूसाठी वेगळी प्रयोगशाळा लागते. मी त्याचा एक निरुपद्रवी तुकडा घेते. काजवा ज्याच्यामुळे चमकतो ना, ते प्रथिन त्याला जोडते. विषाणूचा निरोप वाचला गेला की पेशी चमकतात. माझा मायक्रोआरएनए चिकटला की उजेड मंद होतो."

आईंनी विचार केला. "म्हंजे सात वर्षं तू दिवे घालवायला शिकलीस."

आम्ही दोघी हसून हसून सोफ्यावरून खाली आलो. रेवतीला तर ठसका लागला. पण हसू ओसरल्यावर, आई देवासमोर बसायला आत गेल्या तेव्हा, तिने मला हळूच जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. तिचा प्रबंध एकदा परत आला होता. शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं की हे कोरोनावरचं औषध आहे. बाहेरच्या विद्यापीठातल्या एका परीक्षकांनी त्या वाक्याखाली रेघ मारून विचारलं होतं, 'हे तुमच्या कुठल्या प्रयोगातून दिसतं?'

"कुठल्याच नाही," रेवती म्हणाली. "ते वाक्य मी अण्णांसाठी लिहिलं होतं, वहिनी."

अण्णा म्हणजे माझे सासरे. दुसऱ्या लाटेत गेले. आम्हाला कुणाला त्यांचं तोंडही बघता आलं नाही. तोवर रेवती मधुमेहावर काम करत होती, त्यानंतर तिने विषय बदलला. प्रबंध परत आल्यावर तिने ते वाक्य खोडलं, आणखी वर्षभर प्रयोग केले. "उद्या तेच सर येणार आहेत," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

शुक्रवारी सकाळी सातला आई नवी नऊवारी नेसून तयार. "फुलं पाहिजेत." रेवती डबे घेऊन कॅबने पुढे जाणार होती, म्हणून आम्ही दोघी रिक्षाने मार्केट यार्डात. फुलबाजार बघायचा तर असाच सकाळी बघा. झेंडूचे ढीग माणसाच्या उंचीचे, शेवंतीच्या पाट्या, आणि पायाखाली इतक्या पाकळ्या की चप्पल कुठे टेकवावी कळेना. मी एका गाळ्यावर चार गुलाब मागितले.

"चार गुलाब कॉलेजच्या दारात मिळतात," मान वर न करता व्यापारी म्हणाले. "इथे गड्डी मिळते."

आईंनी सरळ किलोभर निशिगंध घेतला.

"लग्न कुणाचं?"

"लग्न न्हाई. पोरगी पीएच.डी. हुतीया."

"कशात?"

"कोरोनाचे दिवे घालवती."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. आईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गुलाबांची एक गड्डी पिशवीत टाकली. "ही आमच्याकडून. पास झाली नाही तर परत आणून द्यायची."

स्वारगेटहून मेट्रो घेतली. जमिनीखाली उतरणारे ते सरकते जिने बघून आई थबकल्या. मी हात धरला, त्यांनी डोळे मिटले, पाय टाकला आणि खाली पोचल्यावर म्हणाल्या, "परत येताना डोळं उघडं ठिवते." डबाभर निशिगंधाचा वास. समोरची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "किती मस्त वास येतोय यार!" आईंनी लगेच एक दांडी काढून तिच्या हातात दिली. शिवाजीनगरला उतरून रिक्षाने संस्थेत पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. तुम्ही कधी गेलात तर तासभर हातात ठेवा, गेटवर नाव-पत्ता लिहिण्यातच दहा मिनिटं जातात.

सभागृह चाळीसेक खुर्च्यांचं. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. बाहेरचे परीक्षक समोरच होते. उंच, किडकिडीत, खिशाला दोन पेनं. त्यांनीच तो प्रबंध परत पाठवला हे मी आईंना मुद्दामच सांगितलं नव्हतं, पण माझ्या मागे बसलेल्या दोन विद्यार्थिनी नेमकं तेच कुजबुजल्या. आईंची पाठ एकदम ताठ झाली.

रेवती बोलायला लागली आणि मला माझीच नणंद ओळखू येईना. आवाज स्वच्छ, हात स्थिर. आलेखातले उंच खांब एका चित्रात झपकन खाली आले, तेव्हा आई मला म्हणाल्या, "मंद झालं!" त्यांना वाटलं कुजबुजल्या, पण सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. लोक हसले. रेवतीसुद्धा हसली आणि मला वाटतं तिथे तिची भीती गेली.

मग प्रश्न. किडकिडीत सरांनी विचारलं, "तुमचा मायक्रोआरएनए फक्त विषाणूलाच चिकटतो?"

"नाही सर. आपल्या पेशींतल्या इतर निरोपांनाही चिकटू शकतो. त्यातले काही मी तपासले. सगळे नाही."

"मग ते धोक्याचं नाही?"

"असू शकतं. आज माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही."

त्यांनी काहीतरी लिहिलं. बाकीच्या दोघांचे प्रश्न झाले, आणि अध्यक्षांनी रीत म्हणून विचारलं, "उपस्थितांपैकी कुणाला काही?"

माझ्या शेजारी नऊवारीचा काठ हलला. आईंनी हात वर केला होता. मी खाली ओढायच्या आत त्या उभ्या राहिल्या.

"हे तवा असतं, तर आमचे मालक वाचले असते का?"

रेवतीने टेबलाची कड धरली. मला वाटलं, आता ही रडणार.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली. "हे अजून औषध नाही. काचेच्या बशीतल्या पेशींमध्ये जमलंय. माणसाच्या शरीरात असा तुकडा टिकत नाही, फुफ्फुसापर्यंत नीट पोचवायचा कसा हे ठरायचंय. त्याचा दुसरा काही त्रास होईल का, तेही बघायचंय. त्यामुळे अण्णा वाचले असते, असं मी म्हणू शकत नाही."

"बरं," आई म्हणाल्या. "खरं बोललीस." आणि खाली बसल्या. पदराने नाक पुसलं, बास.

आम्हाला बाहेर पाठवलं. व्हरांड्यातली ती दहा मिनिटं मी कशी काढली ते विचारू नका. दार उघडलं, अध्यक्ष म्हणाले, "या, डॉक्टर रेवती," आणि पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. मी किंचाळले. हो, चौथीच्या वर्गशिक्षिका किंचाळल्या! रेवतीने आईंना उचललं, आई ओरडल्या "अगं पडशील!", निशिगंध सगळ्यांच्या डोक्यावर, गुलाब सगळ्यांच्या हातात. तिच्या प्रयोगशाळेतली पोरं मोबाईलवर गाणं लावून व्हरांड्यातच नाचली आणि शिपाईकाका 'हळू, हळू' म्हणता म्हणता ताल धरून उभे.

धपाटी आणि शेंगाची चटणी अर्ध्या तासात संपली. किडकिडीत सर तिसरं धपाटं घेत असताना आई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमीच का वो परत पाठवणारे?"

सरांचा घास तोंडाजवळच थांबला. "हो. मीच."

"बरं केलंत. आणखी एक घ्या."

सर इतके मोठ्याने हसले की चटणी शर्टावर सांडली. त्यांनी आईंना वाकून नमस्कार केला आणि रेवतीला म्हणाले, "यांना पुढच्या परिषदेला घेऊन या."

शनिवारी दुपारच्या गाडीने निघालो. येताना भिगवणला पाणी उन्हात चमकत होतं आणि आई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. मी त्यांना उठवलं नाही. मला वाटत होतं, इतक्या वर्षांत आम्ही घरात अण्णांबद्दल बोललो ते सगळं 'असं केलं असतं तर' आणि 'तसं मिळालं असतं तर'. त्या प्रश्नाला कुणी तरी सरळ 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. ते अण्णांच्या लेकीनेच म्हटलं, चाळीस लोकांसमोर, आणि आकाश कोसळलं नाही.

घरी पोचून चप्पल काढतोय तोच शेजारच्या काकू आल्या. पेढे हातात पडताच म्हणाल्या, "ऐकलं आम्ही! रेवतीनं कोरोनावर औषध काढलं म्हणे!"

मी बोलायला तोंड उघडलं, पण आई आधीच बसत्या झाल्या होत्या.

"औषध न्हाई," त्या म्हणाल्या. "बारका तुकडा हाय, विषाणूच्या कामात आडवा येतो. बशीत जमलंय, माणसात अजून बघायचंय. जमंल का, ते कुणालाच ठाऊक न्हाई."

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे मग अजून काहीच नाही?"

"काहीच न्हाई कसं?" आईंनी पेढ्यांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. "बस की निवांत. सात वर्षांचं काम हाय, उभ्या उभ्या कसं सांगू?"