दाराबाहेरचं नाव

माझे यजमान हे ऐकल्याशिवायच गेले. त्यांच्या शवपेटीवर मूठभर माती टाकताना माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? — की आता यांना कधीच कळणार नाही. सुटले मी. आणि त्याच क्षणी अंगावर काटा आला, कारण ते जिथं गेले तिथं काहीच झाकलेलं राहत नाही, असं मी स्वतः कितीतरी बायकांना सांगितलेलं आहे.

नवऱ्याला नाही, मुलीला नाही, चर्चच्या पाळकांना नाही, प्रार्थनेतसुद्धा धड शब्दांत नाही — ते आज तुम्हाला सांगायला बसले आहे. भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून. बंद दाराच्या आत मला हे सांगता येणार नाही. का, ते पुढं कळेल.

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळींत माझी एक साक्ष प्रसिद्ध आहे. साक्ष म्हणजे प्रभू येशूनं आपल्या आयुष्यात काय केलं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. माझी साक्ष अशी, की बंगळुरात दंगल पेटली होती, मी लेकराला घेऊन घरात एकटी होते, आणि प्रभू माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. ही साक्ष ऐकून लोक रडलेले आहेत. एका बाईनं तर मला बाजूला घेऊन सांगितलं, की ताई, तुमचं ऐकलं आणि मी जीव द्यायचा विचार सोडला. आता त्या बाईला मी कोणत्या तोंडानं भेटू?

ती साक्ष खोटी आहे. पूर्ण खोटी असती तर बरं झालं असतं. तिच्यात एक गोष्ट खरी आहे, आणि मला त्या खऱ्या गोष्टीचीच जास्त भीती वाटते.

पण मुळापासून सांगते. मी नगरची, पाळकाची मुलगी. यजमानांची बदली बंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात झाली आणि आम्ही जयनगरात खालच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागलो. वर घरमालक. तेही मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथले, निम्मं बोलणं कन्नड. मालकीणबाईंना सगळे सुमित्राअक्का म्हणत. आमच्यासारखी मराठी ख्रिस्ती कुटुंबं त्या शहरात बोटांवर मोजण्याइतकी. शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं — गाणी, प्रार्थना, मग साक्षी, मग चहा-चिवडा. साक्षी ओळीनं चालत, पंगतीत वाढल्यासारख्या. कुणाचा ताप उतरलेला असे, कुणाला प्रभूनं गॅसचं कनेक्शन मिळवून दिलेलं असे. हसू नका, त्या काळात तो चमत्कारच होता! माझी पाळी आली की मी एखादं वचन म्हणून खाली बसायची. लोक मात्र वाट बघत, कारण पाळकाची मुलगी. आणि माझ्याजवळ काहीच नव्हतं. प्रभू आपल्याजवळ आहे असं मला कधी, एकदाही जाणवलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो मी होते. हे कुणाच्या तरी लक्षात येईल, अशी मला सतत धास्ती असे.

आणि प्रभूशी दिवसभर गप्पा मारणारी एक बाई रोज माझ्याच दारात येत होती, पालेभाजी विकायला.

आरोग्यम्मा तमिळ. कपाळ कोरं, गळ्यात काळ्या दोऱ्यात लहानसा क्रूस. आम्ही दोघी मोडक्या कन्नडात बोलायचो, ती मला अक्का म्हणायची. पायरीवर टोपली उतरवताना ती ‘येसप्पा’ म्हणायची — त्यांच्यात येशूला असं बापाला हाक मारावी तसं म्हणतात. पाणी प्यायली की येसप्पा. मी भावात फार घासाघीस केली की वर बघून येसप्पा! — जणू तो तिथंच जिन्यावर बसलाय आणि त्यानं मध्ये पडावं. मला ते गावंढळ वाटायचं. आम्ही प्रभूला धुतल्या, इस्त्रीच्या भाषेत हाक मारणारे. एकदा माझी लेक प्रीती तापानं फणफणली होती, तर या बाईनं मातीनं भरलेला हात तिच्या कपाळावर ठेवला आणि मोठमोठ्यानं प्रार्थना केली. ती गेल्यावर मी ओल्या फडक्यानं ते कपाळ पुसलं. तिच्या डोळ्यांदेखत पुसलं नाही, एवढाच माझा चांगुलपणा.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. त्या डिसेंबरात कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलं. सकाळपर्यंत नुसत्या बातम्या होत्या. दुपारी तमिळ माणसांची दुकानं, घरं शोधून शोधून फोडताहेत असं कानावर आलं. यजमान कारखान्यात अडकलेले. सुमित्राअक्का सकाळीच देवनहळ्ळीला भावाकडं निघाल्या होत्या. जाताना म्हणाल्या, “दार स्वल्पसुद्धा उघडू नको गं, कोण का येईना.” त्यांचा हा सल्ला मी माझ्या बाजूनं सांगत नाही. त्या म्हणाल्या नसत्या तरी मी तेच केलं असतं.

दार लावलं, कडी घातली, खिडक्या लावल्या. व्हरांड्यात नाताळची कागदी चांदणी टांगलेली होती, ती आत घ्यायचं सुचलं नाही. साऱ्या गल्लीत तशी चांदणी आमचीच. प्रीतीला भूक लागली म्हणून कुकर चढवला. भीती वाटत असली तरी लेकराला भात लागतोच. लांबून आरडाओरडा येत होता, काचा फुटत होत्या, टायर जळल्याचा वास खिडकीच्या फटीतून आत शिरत होता.

मग दारावर थाप पडली.

आणि हाक — “अक्का! अक्का!”

आवाज मी ओळखला. इथं मला पळवाट नाही. पहिल्याच हाकेला ओळखला. मी दाराशी गेले, कडीवर हात ठेवला. उघडायला ठेवला होता का? — तसं म्हणायला मला फार आवडेल. पण मी कडी काढली नाही, घट्ट धरून ठेवली. आमच्या दोघींत एका फळीचं अंतर. तिला लागलेली धाप मला ऐकू येत होती. तिची मला भीती नव्हती हो, तिच्या मागून जे येत होते त्यांची होती. ती आत आली तर तेही आत येतील, तुम्ही कोण म्हणून विचारतील, हिला का लपवलंत म्हणतील, लेकराला — त्यापुढं मला विचारच करता येईना.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

थाप थांबली. घरात माणूस आहे, हे तिला कळलं. आता उघडतील, असंच वाटलं असेल तिला. ती गप्प उभी राहिली, वाट बघत. त्या गप्प क्षणाइतकी भीती मला आयुष्यात पुन्हा वाटलेली नाही. मागून प्रीती म्हणाली, “आई, आरोग्यम्मा आलीय.” मी कडी सोडली नाही. दुसऱ्या हातानं पोरीला ओढलं आणि तिचं तोंड दाबलं. इतकं, की नंतर तिच्या गालावर माझ्या बोटांचे वळ होते.

मग बाहेरून एकच शब्द आला. ओरडून नाही. दाराला तोंड लावून, हळू.

“येसप्पा.”

मला म्हणाली की त्याला, कोण जाणे. पावलं वाजली, पुष्कळ पावलं, धावणारी. दार थरथरलं आणि मग काहीच नाही. संध्याकाळी कडी काढली तेव्हा पायरीवर मेथी आणि कोथिंबीर तुडवलेली पडली होती. यजमान यायच्या आत मी ती झाडून काढली आणि पायरी धुतली.

संचारबंदी उठल्यावरची पहिली प्रार्थनासभा आमच्याच घरी होती. सगळे मला विचारत होते, एकट्या कशा राहिलात, घाबरला नाहीत? माझी पाळी आली, मी उभी राहिले, आणि तोंडातून निघून गेलं — की मी दाराशी थरथरत उभी होते, तेव्हा दाराबाहेरून मला प्रभूचं नाव ऐकू आलं. हळू, पण स्पष्ट. तेव्हा मला कळलं, तो माझ्या दाराशी उभा आहे. आणि जमाव पुढून निघून गेला.

बघितलंत? नाव खरं, दार खरं. फक्त ती बाई मी त्यातून झाडून काढली.

बायका रडल्या. यजमानांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की त्या नजरेसाठी मी लग्नापासून झुरत होते. ही सबब नाही, झालं ते सांगते. पुढं नगरला, पुण्याला, मिरजेला बोलावणी येऊ लागली. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, मला पाठ झालं. सांगून सांगून मलाच कधी कधी ते खरं वाटायचं, आणि मग घरी येऊन कुणी दार वाजवलं की हातपाय गार पडायचे.

नाताळ उलटून गेला आणि एका सकाळी पायरीवर टोपली उतरल्याचा आवाज आला. आरोग्यम्मा! जिवंत होती. भुवईवर नवी खूण, डावा हात जपून हलवत होती. तिनं पाणी मागितलं, प्यायली, येसप्पा म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, पालकाच्या जुड्या सारख्या करत तिनं विचारलं, “ऊरिगे होगिद्रा, अक्का?” गावाला गेला होतात का, अक्का?

शिट्टी तिनं ऐकली होती. कदाचित पोरीचा आवाजही. तिला सगळं माहीत होतं, आणि तरी माझी लाज राखायला तिनंच मला एक वाट काढून दिली. मी काय करावं? — “हो, नगरला,” म्हणाले.

“सरी,” ती म्हणाली, म्हणजे ठीक. “बरं झालं अक्का. इथं फार वाईट होतं.” प्रीतीच्या हातात तिनं कोथिंबिरीची काडी दिली. दुखऱ्या हातानं टोपली उचलवेना, तेव्हा मलाच हात लावायला सांगितलं. मी टोपली तिच्या डोक्यावर चढवून दिली. प्रीती आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत होती.

त्या दिवशी माझ्या दारावरून ती कुठं गेली, कुणी तिला गाठलं, भुवईवर कशानं लागलं — मी कधी विचारलं नाही. आम्ही बंगळूर सोडेपर्यंत ती भाजी देत राहिली आणि मी घेत राहिले. विचारलं तर ती सांगेल, अशी भीती वाटायची.

प्रीतीला आता तिची लेकरं आहेत. मी साक्ष द्यायला उभी राहिले की ती चहाचं बघायला उठून जाते. दर वेळी. तेव्हा ती चार वर्षांची होती. चार वर्षांच्या पोरीला काय आठवत असेल? मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात कधीच गेलेले नाही.

लोक मला विचारतात, प्रभूचं सान्निध्य कसं असतं हो? तुम्ही तर अनुभवलंय. हो, अनुभवलंय, एकदाच. तो फळीपलीकडं धापा टाकत उभा होता. मी त्याचा आवाज ओळखला आणि उघडलं नाही. ज्याची इतकी वर्षं वाट बघितली तो माझ्या दारात आला, तो भाजी विकणाऱ्या बाईच्या पायांनी, आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे की तो येऊन माझं रक्षण करून गेला.

लहानपणी वडील न्यायाच्या दिवसाबद्दल सांगत, तेव्हा मी नरकाच्या आगीला घाबरायची. आता आगीची भीती वाटत नाही. मला भीती वाटते प्रभूच्या स्वभावाची. तो रागावणार नाही. त्याचा स्वभाव मी त्या पायरीवर पालकाच्या जुड्या सारख्या करताना पाहिला आहे. तो माझ्याकडं न बघता, हळूच, माझी लाज राखून विचारेल, तू त्या दिवशी घरी नव्हतीस ना? आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून ‘हो’ निघून जाईल. तो ‘बरं’ म्हणेल. मग पुढं कधीच, कुणालाच, काही सांगायला जागा उरणार नाही.

म्हणून त्यानं विचारायच्या आत सांगते. मी घरी होते.