खोडरबर मास्तर

आमच्या शाळेचे चित्रकलेचे मास्तर म्हणजे एक वल्लीच. "पुसा आणि परत काढा" हे एकच वाक्य त्यांनी नोकरीभर शिकवलं, म्हणून पोरांनी नाव ठेवलं खोडरबर. ते इतकं चिकटलं की त्यांच्या सासूबाईसुद्धा पाठीमागे तेच म्हणत. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

चित्रकलेचा वर्ग जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या शेजारी. परीक्षा जवळ आली की गणिताचे मास्तर दारात येऊन उभे राहायचे आणि आमचे खोडरबर मुकाट्याने फडकं उचलून तास सोडून द्यायचे. सभागृहात संस्थाचालकांची तैलचित्रं लावलीत, ती सगळी यांच्याच हातची. नीट पाहिलंत तर गंमत दिसेल. माणसं वेगळी, नाक एकच, आणि तेही मास्तरांचं स्वतःचं. मी हे भर स्नेहसंमेलनात, शिक्षकांच्या रांगेत बसून बोललो, तेव्हापासून बरेच दिवस ते मला पाहून रस्ता बदलायचे.

पण घरी एक चित्र होतं, ते मात्र खरं. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलावर बसवलं आणि कॅनव्हास मांडला. ते चित्र कधी संपलंच नाही. वहिनींच्या गालावर मांस आलं, मास्तरांनी चित्रातला गाल भरला. चष्मा लागला, तोही चढवला. केस पिकले, पांढरा रंग लावला. "अहो, पुरे करा आता, भाजी करपतेय," असं वहिनी म्हणायच्या, पण बसायच्या. फोटो मात्र मास्तरांनी एकही काढू दिला नाही. लग्नातसुद्धा फोटोवाला बोलावला नव्हता. घरात चित्रकार असताना त्याची पायरी कशाला चढायची, हा ताठा.

मग वहिनी आजारी पडल्या. अंगावरचं सगळं मांस उतरलं. तेव्हाही पाठीला उशी देऊन मास्तरांनी त्यांना खिडकीशी बसवलं. मला ते बघवेना. आता तरी राहू द्या, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "जे दिसतं ते काढायचं. खोटं कसं काढू?" संस्थाचालकांच्या नाकांच्या वेळी हे तत्त्व कुठे गेलं होतं, हे अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

वहिनी गेल्या. परगावी नोकरी करणारी मुलगी आली, चित्रासमोर उभी राहिली. खोल गेलेले डोळे, नाकावरून घसरलेला चष्मा.

"बाबा, ही आई नाही, हा तिचा आजार आहे," ती म्हणाली. "मला माझ्या लहानपणीची आई हवी. माझ्या पोरीला दाखवायला तरी."

सुट्टीत चित्र न्यायला येईन, असं सांगून ती गेली.

मास्तरांना वाटलं, यात काय मोठं. तरुणपणच्या वहिनी त्याच कॅनव्हासवर होत्या, खालच्या थरात. वरचा रंग उतरवला की झालं. दाढीचं पातं, टर्पेंटाइन आणि कापसाचे बोळे घेऊन बसले. आधी कानाजवळचा पांढरा रंग सुटला आणि खालून एक बट आली, काळी कुळकुळीत. मला शाळेच्या फाटकातून हाताला धरून घरी नेलं. "आली बघा," म्हणाले. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी चहा मागायचासुद्धा विसरलो.

पण वर्षानुवर्षं थरावर थर चढलेला रंग तो. एकमेकांत मुरलेला, हवा तेवढाच कुठला सुटतोय? चष्म्याबरोबर डोळाही निघून आला. गालाबरोबर ओठ गेला. दुसरा कुणी असता तर थांबला असता. यांना थांबणं कधी जमलं होतं? अजून जरा खाली असेल, अजून जरा, करत पातं चालत राहिलं. मी पुन्हा गेलो तेव्हा खिडकी होती, स्टूल होतं, पदर होता, ती बट होती आणि चेहऱ्याच्या जागी कापडाचे धागे.

आठवून काढा की, मी म्हटलं. तुमच्याएवढं त्यांच्याकडे कुणी पाहिलंय?

"तेच करतोय," ते म्हणाले. "चेहरा येत नाही हो. चित्र तेवढं आठवतं. आणि शेवटचंच."

सुट्टीत मुलगी आली. रडली असती तर बरं झालं असतं. ती बापाचा हात धरून म्हणाली, "मी बसते, बाबा. सगळे म्हणतात, मी आईसारखी दिसते."

तीच खिडकी, तेच स्टूल. मास्तरांनी रंग काढले, ब्रश भिजवला, डोळे बारीक करून कितीतरी वेळ तिच्याकडे पाहिलं. मी दाराशी उभा होतो. मग त्यांनी ब्रश पुसला आणि ट्यूबांची टोपणं एकेक करून लावली.

"ऊठ, बाळ," ते म्हणाले. "नाक माझं आलंय तुला."

ते चित्र आता कपाटामागे आहे, भिंतीकडे तोंड करून. म्हणजे, तोंड म्हणायचं तर.