तारेवरचे शर्ट

आमचे हे मालवाहू जहाजावर रेडिओ अधिकारी होते. किनाऱ्यावरच्या केंद्राचा सूर कानाला लावायचा, छतावरचं एरियलचं गोल कडं फिरवायचं आणि तो सूर कुठल्या दिशेने येतोय ते कप्तानांना सांगायचं, हे त्यांचं काम. घरात चष्मा कपाळावर असतो आणि हे सगळीकडे शोधत फिरतात, पण शंभर मैलांवरचं केंद्र बरोब्बर सापडायचं. लग्नानंतर एका सफरीला मीही सोबत होते.

त्या सफरीत दिशा चुकायला लागली. समोर दीपस्तंभ ढळढळीत दिसतोय आणि ह्यांचं यंत्र त्याच्यावरच्या केंद्राचा सूर सहा अंश बाजूला दाखवतंय. कप्तानांनी स्पष्ट सांगितलं, "उद्या धुकं लागणार. संध्याकाळपर्यंत चूक सापडली नाही तर पुढच्या बंदरात तुम्ही उतरा. मी दुसरा माणूस घेतो."

ह्यांचं जेवणातलं लक्षच उडालं. जहाजाचं लोखंड रेडिओच्या लहरींना वाकवतं, म्हणून किती वाकवतं याचा तक्ता आधीच केलेला असतो. त्यानंतर डेकवर काही बदललं की तो तक्ता खोटा ठरतो. हे क्रेन बघून आले, यंत्र दोनदा उघडून पुसलं. मी म्हटलं, "अहो, दोन घास खा, डोकं चालेल." तर माझ्यावरच खेकसले. मग मीही तोंड फुगवून वाळलेले कपडे काढायला वर गेले.

मागोमाग हे आले आणि थबकले. रेडिओच्या खोलीच्या छतावर, एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत मी तार ताणली होती आणि तिच्यावर ह्यांचेच चार शर्ट वाळत होते. दोन्ही टोकं लोखंडाला घट्ट, म्हणजे तार आणि जहाजाचं लोखंड मिळून त्यांच्या कड्याशेजारी मी लहरी वाकवणारं आणखी एक कडंच करून ठेवलं होतं.

"ही कधी बांधलीस?"

"मागच्या बंदरात. दोरी सारखी तुटायची हो."

तार सोडली. दीपस्तंभ आणि यंत्र एका रेषेत आले. तेवढ्यात कप्तान पोचले. "तार कोणी बांधली होती?"

"मी," हे म्हणाले, चेहरा अगदी सरळ.

मला राहवलं नाही. "खोटं बोलताहेत. ह्यांना बुटाची नाडी धड बांधता येत नाही, तार कुठली बांधतात? मी बांधली."

कप्तानांचं हसू थांबेना. "मग दोघंही राहा. कपडे मात्र दोरीवर, वहिनी."

इतकी वर्षं झाली, चष्मा अजून मीच शोधून देते. पुष्कळदा चिडते, पण नोकरी जात असताना म्हटलेलं ते "मी" आठवतं आणि माझा राग काही टिकत नाही.