आबांची क्रूझर आणि अक्कांचं सूप

तारीख : आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा रविवार. स्थळ : जळगावातली आमची गच्ची. हजर : माझे सासरे आबा (नौदलातून निवृत्त), शेजारच्या अक्का, ज्वारीचे एकशे वीस ओले बिबडे (आमचे खानदेशी पापड) आणि मी. उशिरा हजर : आबांचे मित्र नाना, धुळ्याहून.

महायुद्धातली क्रूझर, म्हणजे अख्खी युद्धनौका, एका सकाळी निकालात काढायला शत्रू लागत नाही. व्यवस्थित सून पुरते.

ही क्रूझर खोक्यातली होती. माझ्या लेकीनं आबांना पुण्याहून पाठवलेली, हातभर लांब, साडेसहाशे प्लास्टिकचे तुकडे जोडून करायची. खरं जहाज महायुद्ध लढून पुढे आपल्या नौदलात आलं, आणि आबांनी त्यावर सहा वर्षं स्वयंपाकी म्हणून काढली. नाना त्याच जहाजावर तोफेवर होते. (तोवर दोघांनी गिरणेच्या पुराहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं!) तेव्हापासून नानांचं एकच पालुपद : "या आबानं भटारखान्याबाहेर जहाज पाहिलंच कुठं?" आखाजीला नाना जेवायला येणार होते. त्यांच्यासमोर अख्खं जहाज उभं करायचं आणि आयुष्यात एकदा त्यांचं तोंड बंद करायचं, असा आबांचा बेत होता.

रविवारी आबा केस कापायला गेले. माझ्या यादीत दोन कामं होती : बिबडे घालणे, आबांना मदत करणे. पहिलं झालं होतं. मी खोकं उघडलं आणि हादरलेच! सगळे तुकडे जाळीसारख्या चौकटींना चिकटलेले. तोफेशेजारी शिडी, शिडीशेजारी होडी. कसला म्हणून क्रम नाही! मी नखं कापायचं कटर घेतलं आणि साडेसहाशेच्या साडेसहाशे तुकडे सुटे केले. तेवढ्यात खाली भंगारवाला ओरडला. रिकाम्या चौकटी त्याला देऊन टाकल्या. (पसारा त्याच दिवशी घराबाहेर, हा माझा नियम.)

शेजारच्या गच्चीवर आपले बिबडे घालून अक्का सूप घेऊन आल्या.

"हाई काय शे वं?"

"जहाज आहे, अक्का."

"मंग निवडी टाकसूत!"

तूर निवडावी तशी आम्ही क्रूझर निवडली. मोठे, मध्यम, बारीक. तीन डबे! मी अक्कांकडे पाठ करून डब्यांवर चिठ्ठ्या लिहीत होते. मागून सुपाचा ओळखीचा आवाज आला. फट्, फट्, फट्.

"अक्का, काय करताय?"

"पाखडस. बठ्ठा कचरा उडी जाई."

गरम वारा सुटलेला. कचरा उडाला खरा. मी बारीकचा डबा पाहिला आणि म्हणाले (हे माझे शब्द आहेत, नाकारून उपयोग नाही), "वा अक्का, किती स्वच्छ झालं!"

आबा आले. डबे पाहिले. माहितीपुस्तक उघडलं.

"सूनबाई, नंबर कुठे आहेत?"

"कसले नंबर?"

"प्रत्येक तुकड्याला नंबर असतो. तो तुकड्यावर नसतो, चौकटीवर छापलेला असतो. चौकटी कुठे आहेत?"

मी रस्त्याकडे पाहिलं. भंगारवाल्याचा आता आवाजही येत नव्हता.

आबांनी माहितीपुस्तक मिटलं. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. चहा नेला, तर "नको" म्हणाले. बावीस वर्षांत आबांनी माझा चहा नाकारला नव्हता! शेवटी मी ज्याला सांगू नये अशा एकमेव माणसाला फोन केला. नाना मिळेल त्या एसटीनं निघाले. चार वाजता दारात!

मी त्यांना गच्चीवरचा ओलसर बिबडा तेल लावून दिला. दोन घास खाऊन नाना थांबले आणि त्यांनी तोंडातून काहीतरी काढलं.

"सूनबाई, खडा शे!"

भिंतीकडचं तोंड वळलं. आबांनी चष्मा लावला. "खडा नाही, नांगर आहे तो. डावीकडचा."

"उजवीकडचा."

"डावीकडचा! तुले काय माहीत?"

झालं! दोघं डबे घेऊन बसले. नानांनी आपली तोफ झटकन ओळखली, बसवली, आणि पुढे अडले! सहा वर्षं ते त्या तोफेपाशीच होते. आबांनी मात्र डोळे मिटले आणि हातात नसलेली किटली धरली.

"पहाटेचा चहा. इथून वर. ही शिडी. डावीकडे होडी, तिला रोज माझं डोकं आपटायचं. मग कठडा. पुढे तुझी तोफ, आणि तिला टेकून तू झोपलेला!"

"झोपलेला नव्हतो!"

"मग चहा घ्यायला तीन हाका का लागायच्या रे?"

जहाजाच्या कोपऱ्याकोपऱ्यात चहा पोचवणारा माणूस एकच होता. नाना मुक्कामी राहिले, आणि रोज ती किटली जाईल तिथे तुकडे चिकटत गेले. सहा शिड्या आबांनी काडेपेटीच्या काड्यांच्या केल्या. (मूळच्या अक्कांनी पाखडून उडवलेल्या.) आखाजीला आमरसाच्या पातेल्याशेजारी अख्खी क्रूझर उभी राहिली. नानांनी ती चहूबाजूंनी पाहिली. मग नेहमीचं पालुपद न लावता उठले, स्वयंपाकघरात गेले आणि स्वतः चहा करून आबांच्या हातात दिला. चहा फार वाईट होता. आबा शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.

फक्त उजव्या नांगराची जागा अजून रिकामी आहे. आमच्या गच्चीवरचा एकेक बिबडा मी उजेडात धरून पाहिला. पण त्या दिवशी वारा अक्कांच्या गच्चीकडे वाहत होता. अक्कांचे बिबडे वाळले, आणि त्यातले पन्नास त्यांच्या लेकीच्या सासरी, भडगावला, पोचलेसुद्धा. पाठवलेल्या डब्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी आहे : 'स्वच्छ, निवडलेले'.

यादीतलं उरलेलं काम : अक्कांच्या भडगावच्या विहीणबाईंना फोन करून, बिबडे जपून चावा, असं सांगणे. 'कोण करणार' या रकान्यात माझं नाव आहे. 'झालं' या रकान्यात अजून काही नाही. रोज फोन उचलते. "आमच्या जहाजाचा नांगर तुमच्याकडे आलाय का?" इथून पुढे वाक्य सुचत नाही.