बगळ्याच्या बागेतले फूलचोर

बिल्डरने दिलेल्या गुळगुळीत माहितीपत्रकात आमच्या सोसायटीला रॉक गार्डन होतं. कारंजं होतं, हिरवळ होती, आणि त्या हिरवळीवर एक गोरंपान कुटुंब फुगे घेऊन धावत होतं. असं कुटुंब मी बोईसरमध्ये आजवर पाहिलेलं नाही. प्रत्यक्षात पाया खणताना सुरुंग लावून जो काळा दगड निघाला, तो वाहून नेण्याचा खर्च वाचवायला बिल्डरने गेटच्या उजव्या हाताला त्याचा ढीग रचला, वर मुरूम पसरला आणि मधोमध सिमेंटचा एक बगळा उभा केला. बगळ्याची चोच पहिल्याच होळीला मोडली. त्यानंतर तो बगळा आहे की मान लांब झालेलं बदक, हे कोणालाच सांगता आलं नसतं, पण विचारणारंही कोणी नव्हतं.

आमचे लोक त्या ढिगाकडे बघायचे ते फक्त नेम धरायला. वरच्या गॅलऱ्यांमधून दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, लहान मुलांचे वापरलेले डायपर, सगळं तिथे. तडकलेल्या काचेचे देवांचे फोटोसुद्धा तिथेच ठेवून जात. टाकून नव्हे, ठेवून. वर हात जोडून. देवाला उकिरड्यावर सोडायचं आणि सोडताना नमस्कार करायचा, एवढी सोय आमच्याच लोकांना सुचते.

मी देव मानत नाही. माणसंच फारशी मानत नाही म्हटल्यावर तो प्रश्न उरत नाही. आमच्या घरचा देव्हारा बायकोच्या खात्यात. तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे, लाकडी आहे, एवढीच मला त्याची माहिती. त्या कोपऱ्यात वाकून बघायची मला कधी गरज पडली नाही.

नोकरीची सगळी वर्षं आम्ही तारापूरच्या टाउनशिपमध्ये काढली. क्वार्टरपुढे छोटं अंगण होतं, तिथे मी बाग केली होती. निवृत्त होताना क्वार्टर सोडावं लागतं, त्यात रागावण्यासारखं काही नाही, नियमच तो. पण चावी देताना बागही देऊन टाकावी लागते हे आधी कोणी सांगत नाही. माझ्यानंतर राहायला आलेल्या गृहस्थाने पहिल्या आठवड्यात अंगणात फरशी बसवून घेतली. चिखल होतो म्हणे. मी निघताना जास्वंदीची एक फांदी तेवढी कापून रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचून आणली होती. फिकट पिवळी, आत तांबडी. इथे दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या ग्रिलमध्ये, ती जगली खरी, पण पानं पिवळी पडून गळायला लागली. डब्यातली माती मुळांना किती दिवस पुरणार? ती गेली असती तर एवढ्या वर्षांच्या मातीतलं माझ्याजवळ काहीही उरलं नसतं.

म्हणून मी सेक्रेटरीकडे गेलो. हा माणूस वयाने माझ्या मुलासारखा, कमरेला तीन चाव्या आणि कानाला सदैव फोन. म्हणालो, तो दगडांचा ढीग मी साफ करतो, बाग करतो. त्याने फोन कानावरून न काढता सांगितलं, "करा ना काका, टाइमपास होईल."

या एका शब्दावर मी ती सगळी दिवाळीनंतरची थंडी दगड उपसले.

पहार घेतली, कुदळ घेतली, एक घमेलं घेतलं. मजूर लावला नाही. बोईसरच्या नाक्यावर सकाळी हवे तेवढे मजूर उभे असतात, पण मग ती त्यांची बाग झाली असती. लहान दगड हाताने वेचले, मोठे पहारीने हलवून कडेला लावले, त्यांचेच पायऱ्यांसारखे बांध घातले. मधल्या खड्ड्यांतून निघालेल्या गोष्टींवरून मला माझ्या शेजाऱ्यांची जी माहिती झाली ती त्यांच्या बायकांनाही नसेल. दारूच्या बाटल्या कोणत्या मजल्यावरून येतात हे मी अंतरावरून ओळखू लागलो. लोक येता-जाता थांबत. "काका, व्यायाम चाललाय वाटतं?" "काका, डॉक्टरांनी सांगितलंय का?" एकाने तर मी घाम पुसत असताना मोबाईलवर माझा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली दोन जोडलेले हात. एक दगड उचलायला मात्र कोणाचे हात सुटे झाले नाहीत.

अपवाद एकच. तळमजल्यावर किनाऱ्यावरच्या मुरबे गावची एक म्हातारी राहते. मुलगा इथल्या कारखान्यात लागला म्हणून समुद्र सोडून आलेली. ती रोज ओट्यावर बसून माझं काम बघायची आणि चुका काढायची. मुरमात काही उगवणार नाही हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग एक दिवस गावाहून येताना तिने गोणभर सुक्या मासळीचा चुरा आणला आणि माझ्या पायाशी ओतला.

"ही टाका. आमचे वाडीत आमी हेच टाकतो. तुमचा तो दुकानातला खत नको."

मी शेणखत आणि पालापाचोळ्याबरोबर तो चुरा मातीत मिसळला, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीत हाहाकार उडाला. वास! भयंकर वास! चौथ्या मजल्यावरून लेखी तक्रार आली. इथे वारा फिरला की कारखान्यांकडून असा काही भपकारा येतो की डोळे चुरचुरतात. त्यासाठी लोक निमूटपणे खिडक्या लावतात आणि एसी चालू करतात. त्याबद्दल एक ओळ लिहिण्याची या मंडळींची कधी छाती झाली नाही. पण चार दिवसांचा मासळीचा वास म्हणजे त्यांच्या सात पिढ्यांचा अपमान. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आणखी एक गोण मागवली.

पावसाळ्याच्या तोंडाशी जास्वंद डब्यातून काढून बगळ्याच्या पायाशी लावली. भोवती तगर, कण्हेर, दगडांच्या फटींत अबोली, पुढे शेवंती. ती म्हातारी खरी ठरली. श्रावणात दगड दिसेनासे झाले आणि जास्वंदीने अशी उचल खाल्ली की बगळ्याला मोडक्या चोचीसकट झाकून टाकलं.

आणि मग चोऱ्या सुरू झाल्या.

संध्याकाळी मी कळ्या बघून ठेवायचो. उद्या फुलणार असं म्हणून सकाळी खाली उतरावं तर देठ शिल्लक. गणपतीत तर पानं सोडून काही राहिलं नाही. कोणी मागायला आलं नाही, कोणी सांगितलं नाही. वर्षभर ज्यांनी त्या जागेवर डायपर फेकले, त्यांच्या देवांना आता माझी जास्वंद लागत होती. मी पाटी लावली: फुले तोडू नयेत. दोन दिवसांनी त्या पाटीवर कोणीतरी पायपुसणं वाळत घातलं होतं.

मग मी पहाटे उठून जिन्याखाली दबा धरून बसू लागलो. हातात काठी नव्हती, पण दोन-चार वाक्यं तयार होती, काठीपेक्षा बरी. मी बसलो त्या दिवशी एकही चोर आला नाही. एखादा दिवस सुट्टी घ्यायचं ठरवलं की त्या दिवशी झाड साफ. म्हटलं, पाळत ठेवतात लेकाचे. भित्रे तर भित्रे, वर हुशार. बायकोला हे रोज चहाबरोबर ऐकवायचो. ती म्हणायची, "जाऊ द्या हो, फुलंच ती," आणि गॅस बारीक करायची.

सव्वीस जानेवारीला आमच्याकडे झेंडावंदन, सत्यनारायण आणि सभा असं सगळं एकदम उरकतात. शिऱ्याशिवाय आमच्या सभेला माणसं जमत नाहीत. मी पूजेला जात नाही, पण त्या वर्षी सभेच्या विषयात ‘गेटजवळील मोकळ्या जागेचे पार्किंग’ असं छापलेलं होतं. मोकळी जागा! मी जाऊन मागे उभा राहिलो, आणि चौरंगाकडे बघून माझं रक्त उकळलं. कडेने माझी शेवंती, मध्ये माझी अबोली, आणि फोटोच्या बरोबर वर माझी पिवळी जास्वंद. बाजारात ती मिळत नाही. तालुक्यात आणखी कोणाकडे असेल असंही मला वाटत नाही.

आरती झाली, द्रोण वाटले गेले, आणि सेक्रेटरी उभा राहिला. गाड्या वाढल्या, रस्त्यावर लावाव्या लागतात, गेटजवळची जागा सपाट करून ब्लॉक बसवावेत. "तसं बघितलं तर," तो तोंडातला शिरा गिळत म्हणाला, "काकांनी मेहनत घेतली, मान्य आहे. पण तिथे फुलं कुठे येतात? मी तर कधी बघितली नाहीत. कोणी बघितलीत?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकजात सगळ्यांनी. चौरंग समोर, त्यावर माझी फुलं, आणि ही माणसं मूग गिळून द्रोणातले बेदाणे शोधत होती. मुरब्याची म्हातारी काहीतरी बोलायला तोंड उघडत होती, तेवढ्यात शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने तिच्या हातात आणखी एक द्रोण दिला आणि ती गप्प झाली. मला वाटलं, म्हातारीसुद्धा शिऱ्याला विकली गेली.

मी पुढे गेलो. घरून सौंदर्य, पर्यावरण, मुलाबाळांचं आरोग्य असं बरंच घोकून आलो होतो, ते सगळं गिळलं.

"सेक्रेटरी म्हणतात ते बरोबर आहे," मी म्हणालो. "तिथे फुलं येत नाहीत. ही चौरंगावरची आभाळातून पडली असणार. तेव्हा ब्लॉक खुशाल बसवा, माझी हरकत नाही. उद्यापासून मात्र प्रत्येकाने आपापल्या देवाला फुलं स्टेशनवरून विकत आणावीत."

सेक्रेटरीने घाईघाईने मतं मागितली. पार्किंगच्या बाजूने त्याचा स्वतःचा हात वर गेला, दोन गाड्या असलेल्या एकाचा गेला, आणि एका भाडेकरूचा, ज्याला मतच नव्हतं. सेक्रेटरीच्या आईने तर हात पदराखाली घेतला. ठराव पडला. तोंडात मारल्यासारखा सेक्रेटरी खाली बसला, आणि मी शिऱ्याला हात न लावता घरी आलो.

बायको पूजेची भांडी घेऊन मागून आली. मी खुशीत होतो. "बघितलंस? एका वाक्यात गार झाले सगळे! चोराला चोर म्हटलं की हात वर होत नाहीत. लाज वाटली असेल, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

तिने तांब्या घासायला घेतला. "लाज कसली? त्यांनी काय केलं लाज वाटण्यासारखं?"

"चोरी केली!"

"मी दिली फुलं," ती म्हणाली. "श्रावणापासून देतेय. त्या तळमजल्यावरच्या मावशी पहिल्या आल्या, तुमच्याकडेच मागायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, त्यांच्या वाटेला जाऊ नका, पहाटे येऊन घेऊन जा. मग एकीने दुसरीला सांगितलं. सेक्रेटरीची आई रोज दोन नेते, त्याला सांगत नाही एवढंच."

"आणि मी जिन्याखाली बसायचो तेव्हा?"

"तेव्हा आदल्या संध्याकाळीच निरोप जायचा. उद्या काका बसणार आहेत, येऊ नका."

"म्हणजे आज सगळ्यांनी माना खाली घातल्या त्या..."

"मी सांगितलं होतं म्हणून. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही सभेत काय बोलला असता, देव जाणे. तुमच्यासमोर फुलांचं नाव काढायचं नाही, हात तेवढे वर करू नका, असं घरोघर जाऊन सांगून आले होते. मावशींना राहवत नव्हतं, म्हणून त्यांना द्रोण दिला. तुमच्या वाक्याने बाग वाचली असं वाटलं तुम्हाला?"

मी उठलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वाकून बघितलं. पिवळी जास्वंद. ताजी, टपोरी. तीन दिवस मी जिची कळी बघत होतो तीच.

"मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खुरपं खाली ठेवलं असतं." तिने तांब्या पालथा घातला. "कोणावर तरी चिडल्याशिवाय तुमच्या हातून काम होत नाही, हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. लोकांवर चिडलात म्हणून एवढे दगड निघाले. मी कशाला मध्ये पडू?"

एका बाईने अख्ख्या इमारतीला मला सांभाळून घ्यायला शिकवलं होतं, आणि इमारतीने तेही निमूट शिकून घेतलं होतं. माझं मत आजही फारसं बदललेलं नाही. डायपर फेकणारे ते डायपर फेकणारेच. पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खाली उतरलो. जिन्याखाली न बसता सरळ बागेत गेलो आणि पाटी उपटली, पायपुसण्यासकट. मुरब्याची म्हातारी पिशवी घेऊन येत होती. मला बघून ती जागच्या जागी थबकली, वर आमच्या गॅलरीकडे बघितलं.

"बाईनं निरोप नाय धाडला आज," ती म्हणाली. "मी जातंय."

"घ्या," मी म्हणालो. एवढा एक शब्द काढायला मला पहारीपेक्षा जास्त जोर लागला.

तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं, बरं आहे ना याचं, अशा नजरेने. मग पुढे झाली आणि झाडावरची सगळ्यात मोठी जास्वंद तोडली. मी दात आवळून दुसरीकडे बघत राहिलो.