बेकरीच्या भट्टीतला पॅनकेक

माझ्या वन्संचा जन्म औरंगाबादचाच, पण लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून त्यांना आमच्या शहरात नुसती धूळ दिसायची. त्या दिवाळीला आल्या आणि बसल्या बसल्या सांगू लागल्या, "मी ओव्हनमध्ये सफरचंदाचा पॅनकेक करते. पुरीसारखा टम्म फुगतो, चांगला वीतभर! तुमच्याकडं ओव्हन नाही म्हणा." ते 'तुमच्याकडं' मला झोंबलं. ओव्हन नव्हता, पण गुलमंडीच्या मागं बेकरी होती आणि दिवाळीत अर्धं शहर नानकटाईचे ट्रे घेऊन तिच्या भट्टीवर रांग लावायचं. तिथं नानकटाई भाजून मिळते, तर पॅनकेक का नाही?

कृती वन्संनीच सांगितली, तीही ऐटीत. सफरचंदाऐवजी मी दौलताबादचे पेरू चिरले, बिडाचा खोलगट तवा घेतला आणि नवऱ्याला स्कूटर काढायला लावली.

बेकरीवाल्यानं तव्यात वाकून पाहिलं. "बाजी, नानकटाई के टाइम पे ये भजे का घोल कायकू लाए?" पण तवा आत गेला आणि थोड्याच वेळात रांगेतल्या बायका आपापले ट्रे विसरून भट्टीच्या तोंडाशी जमल्या. रुसलेल्या जावयासारखा पॅनकेक फुगून बसला होता.

मांडीवर गोधडीची घडी, तिच्यावर तवा, वर टॉवेल, अशी मी स्कूटरवर बसले. "हळू चालवा," म्हटलं, तर नवरा म्हणाला, "लई हळू गेलो तर गार व्हईल ना ते!" घरी टॉवेल उचलला, तर खाली चपटं धिरडं. वन्सं गोड हसल्या. "होतं असं, वहिनी. सवय लागते."

दुसऱ्या दिवशी टॉवेलनं न झाकता आणला. धिरडंच. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं स्कूटर अशी हाणली, की पेरूच्या फोडी माझ्या पदरात आल्या. मला रडूच फुटलं. एका पॅनकेकपायी मी जन्मभर ओव्हन नसलेल्या गावची ठरणार होते.

मग सुचलं. पॅनकेक घरी टिकत नाही ना, तर वन्संनाच बेकरीत न्यावं. दिवाळीच्या नव्या साडीत त्यांना मैद्याच्या पोत्यावर बसवलं. बेकरीवाल्यानं भट्टीचं दार उघडलं. "देखो बाजी, आपकी भावज का कमाल!" केवढा फुगला होता! बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी वन्संकडं वळले, चांगले चार शब्द ऐकवायच्या तयारीनं.

त्या पोत्यावरून उठून भट्टीपाशी आल्या होत्या. बाहेर काढलेला पॅनकेक डोळ्यांदेखत खाली बसला. मग त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"व्हय गं, खरंच फुगतो की!" त्या म्हणाल्या. "माझा एकदाही नाय फुगला. मासिकातल्या फोटोत तेवढा पाहिला होता. उद्या परत कर ना. मी बसते इथं."